रात्रपाळीच्या घरात पामेरियन

तुमच्या घरात दिवसा कोण झोपतं? कुणी पामेरियन कुत्रं पाळायचं म्हटलं की मी आधी हेच विचारतो, कारण युनियनच्या जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्यात अजून एक लाल फडक्याची पट्टी हाताला लागते. तेव्हा पिंपरीला कारखाने नुकतेच उभे राहत होते. बदली झालेल्या साहेबाची पांढरी, झुपकेदार कुत्री मी आमच्या चाळीत घेऊन आलो. लाड काय फक्त बंगल्यातच व्हायचे, असं माझं म्हणणं. आई म्हणाली, "अरे, एक खोली आपली, त्यात ह्यांची रात्रपाळी." मी ऐकलं नाही. कुत्री दारावरून पाऊल गेलं तरी भुंकायची, कारखान्याचा भोंगा झाला की किंचाळायची. तापलेल्या पत्र्याखाली वडील नुसते कूस बदलत राहायचे. चौथ्या रात्री मशीनवर डुलकी लागली आणि त्यांचं बोट थोडक्यात वाचलं. सकाळी ते आडवे झाले तसं मी निशाणाच्या उरलेल्या फडक्याची पट्टी फाडून कुत्रीचं तोंड बांधलं. वडील उठले, गाठ सोडली आणि म्हणाले, "काय पुढारी, कामगाराचं तोंड बांधू नका म्हणून गेटवर ओरडता ना? मग हे काय?" ती थरथरत त्यांच्याच पायाशी बसली. संध्याकाळी मी तिला आकुर्डीच्या एका बाईंकडे नेऊन दिलं; त्या दिवसभर घरी असायच्या, एकट्या. आजही सभेत बोलताना ती गाठ आठवली की मी अडखळतो. असलं कुत्रं आणायचं ठरवत असाल, तर घरातल्या सगळ्यांत दमलेल्या माणसाला आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर त्याचं ऐका.