विमानाचा पुरावा

पहिली चापट माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण गावात अजून कुणी काहीच मान्य करत नाही.

आमचं गाव देवगाव फाट्याजवळ. त्या ऑगस्टात पावसानं तीन आठवडे दडी मारली. सोयाबीन ऐन फुलात असताना माना टाकायला लागलं. ढग यायचे, काळे व्हायचे, पांगून जायचे. आणि रोज दुपारी तीनच्या सुमाराला आभाळात एक विमान पांढरी रेघ ओढत जायचं. फाट्यावरच्या हॉटेलात चहाबरोबर तीच चर्चा. मी शेतकरी चळवळीतला, चार वर्षं पत्रकं लिहितोय. बसल्या बैठकीला लिहिलं : ‘आमचे ढग पळवणाऱ्यांनो, जबाब द्या!’ त्यात ठोकून दिलं की रोज तेच एक विमान येतं, ढगांवर फवारा मारतं आणि ग्रामपंचायतीमागच्या खांबावरचं यंत्र त्याला खालून इशारा देतं. पुरावा? पत्रकाला पुरावा लागतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. उद्गारचिन्ह तेवढं शिकवलं होतं.

तो खांब म्हणजे पाऊस मोजायचं केंद्र. पत्रक वाटलं त्याच्या तिसऱ्या दिवशी दुरुस्तीला एक माणूस आला. पस्तिशीचा, चष्मेवाला, सेलूहून मोटारसायकलवर. तो शिडी लावून वर चढला तोवर खाली आम्ही वीसेक जण जमलो होतो.

“उतर खाली!” मामा ओरडले. माझे सख्खे मामा. “कुणाला सिग्नल द्यायलास?”

“सिग्नल न्हाई ओ काका. पाऊस मोजतंय हे.”

“पाऊसच न्हाई तर मोजतंय काय? तुझ्या बापाचा घाम?”

लोक हसले. तो उतरता उतरता म्हणाला, “अहो, पाऊस पडला न्हाई हेच तर मोजतंय! हे बंद राहिलं तर तुमच्याकडं पावसाचा खंड पडला हे कागदावर दिसायचंच न्हाई, मग पीकविमा कुठला?”

मला वाटलं, हा आम्हालाच शिकवायलाय. मी त्याच्या कानाखाली ओढली. चष्मा उडाला. मग कुणी थांबलं नाही. लाथा, चपला, त्याचीच शिडी त्याच्या अंगावर. यंत्राची वायर तो मुठीत धरून बसला होता, सोडेना. मामांनी टिकावाचा दांडा त्याच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सगळ्यांनी ऐकला. त्यानंतरही दोन दांडे पडले.

तो परभणीला दवाखान्यात गेला. इकडं गावाचा जबाब एकच ठरला : शिडीवरून पडला. माणूस कंत्राटी. पडला म्हटलं की चूक त्याचीच, काम गेलं. मामा मला म्हणाले, “आता पुरावा आणा, भाचेबुवा. ते विमान पकडून द्या. मग बघू कोण केस करायलंय.”

म्हणून मी विमानांचे रेडिओ संदेश पकडणारं डोंगल मागवलं. पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर. तो कॉम्प्युटरला लावायचा, बाहेर अँटेना ठोकायचा, बाकी रेडिओचं सगळं काम सॉफ्टवेअरच करतं. ज्यावर पत्रकं जुळवायचो त्याच जुन्या कॉम्प्युटरात मी ते खुपसलं. विंडोज त्याला टीव्ही समजलं. ड्रायव्हर बदलायला गेलो तर रागाच्या भरात माउसचाच बदलला. माउस मेला. तो भिंतीवर आपटून फोडला, दुसरा आणला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापताना तळहात फाटला. रक्तानं बरबटलेल्या त्या पत्र्यावर सात सेंटिमीटरला जरा कमी अशी तांब्याची तार उभी केली, डिशची जुनी केबल जोडली आणि घरावर चढून सगळं आवळून बांधलं. माझा अँटेना त्या खांबाहून उंच होता. त्याला कुणी दगड मारला नाही. उलट खालून एक जण म्हणाला, “नीट बांध बाबा, वाऱ्यानं पडंल.”

विमानं आपली ओळख, उंची, वेग सतत हवेत ओरडत असतात. आपण फक्त ऐकायचं. पडद्यावरच्या नकाशात पहिलं विमान उमटलं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली : सापडलं!

तीन वाजता मामा शेजारी खुर्ची ओढून बसले. विमान आलं. अकरा किलोमीटर उंच, सरळ रेघेत, प्रवासी. दुसऱ्या दिवशी तीनला आलं ते दुसरंच. तिसऱ्या दिवशी तिसरं. शिवाय दिवसभर कितीतरी, ज्यांची रेघ आम्हाला खालून कधी दिसलीच नव्हती. ‘रोज तेच एक’ हे माझं वाक्य खोटं होतं. त्या वाक्यावर एका माणसाचा हात मोडला होता.

“बंद कर हे,” मामा म्हणाले.

“मामा, आपण चुकलो.”

“आपण? पत्रक कुणाचं?”

“माझं. दांडा तुमचा.”

त्यांनी मला खुर्चीसकट पाडलं. तोंडावर लाथ बसली, ओठ फाटला. मॉनिटर उचलून अंगणात फेकला आणि त्यावर नाचले. “आईच्या भावाला आत घालतोस? घाल! घाल की लेका!”

तसाच सुजल्या तोंडानं मी परभणीला गेलो. त्या माणसाचा हात प्लास्टरमध्ये, डोळा अजून काळानिळा. मी माफी मागितली.

“माफीचं काय लोणचं घालू?” तो म्हणाला. “ठाण्यात जाऊन सांग. मी पडलो न्हाई, एवढं सांगणारा तुमच्या गावातून एक तरी निघू दे.”

ठाण्यात हवालदारानं माझा ओठ बघितला. “फिर्याद द्यायला आलास का?”

“न्हाई. पहिली चापट माझी. तिथून लिहा.”

त्यानं लिहिलं. दांड्यापाशी आल्यावर पेन थांबलं. “कुणी मारला?”

मी मामांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

दोघांना एकाच गाडीतून कोर्टात नेलं. मामा समोरच्या बाकावर बसले, माझ्या पायाशी थुंकले. कोर्टाच्या आवारात आई आली होती. तिनं जेवणाचा डबा मामांच्या हातात दिला. एकच डबा आणला होता.