चौथा खांदा

सन २०२४, वैशाख. सोलापूरचा वैशाख, म्हणजे भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. असले किस्से मी मुद्दाम जमवत नाही. मागाखाली कापसाचा कचरा साठतो तसे ते साठतात. आज झाडा, उद्या पुन्हा आहेच. मी चौथी शिकलेला. मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम होतो. घडलं तेवढंच सांगतो.

मिल बंद पडली तेव्हा आमच्या खात्यातल्या लोकांनी एक ठरवलं होतं. कुणी गेला की बाकीच्यांनी खांदा द्यायचा. प्रत्येकाच्या नावापुढे चार खांदेकऱ्यांची नावं, अशी यादी कांबळेकडे असे. कांबळे मिलचा टाइमकीपर. वही वाळवीने खाल्ली, तेव्हा त्याने यादी मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये चढवली. आम्हा सगळ्यांच्या फोनवर तीच यादी उघडायची. जो कुणी तीत बोट घालील, त्याच्या नावाचा छोटा रंगीत झेंडा तिथे दिसायचा. कांबळेचा झेंडा निळा.

त्या यादीत माझ्यावर एक देणं होतं. करोनाच्या साथीत माझी बायको गेली. आजार वेगळा होता, पण भीतीने गल्लीची दारं बंद. मुलगा, पुतण्या आणि मी, तिघेच. चौथा मिळेना. तेव्हा मागावरचा व्यंकय्या आला. छातीत कापूस बसलेला, धाप लागलेली. तरी शेवटपर्यंत खांदा काढला नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "राहू द्या जॉबरसाब. माज्या वेळी फेडा."

पुढे तो मोडनिंबला लेकीकडे राहायला गेला. मी कुणाचं देणं ठेवत नाही. त्याच्या नावापुढे चौथं नाव मी स्वतः घातलं. माझं.

*

अ‍ॅप आलं त्या दिवशी चहाच्या टपरीवर मेहबूबने कुठेतरी बोट दाबलं. मेहबूब आमचा फिटर. अख्खी यादी गायब!

"या अल्ला! सबके सब गये, जॉबरसाब!"

कांबळेने मागे वळलेला बाण दाबला. नावं पुन्हा हजर.

"आयला! मेलेले बी परत आणतंय की हे!"

आम्ही हसलो. कांबळे हसला नाही. म्हणाला, "माणसं नाही आणत. नुसती नावं."

*

यादीतल्या प्रत्येक नावाखाली लाल वाकडी रेघ यायची. मेहबूबला वाटलं, फोन बिघडला.

कांबळे म्हणाला, "बिघडला नाही. त्याला तुमची ओळख नाही. ओळख पटली की रेघ जाते."

व्यंकय्या त्या दिवशी दवाखान्यासाठी सोलापुरात आला होता. तो म्हणाला, "सारा जलम मागावर गेला, मालकानं वळकलं न्हाय. आता ह्यो फोन वळकतोय व्हय?"

काही महिन्यांनी मेहबूबने फोन पुढे केला. सगळ्यांखाली रेघ होती. कांबळेच्या नावाखाली नव्हती.

"झाली वाटतं ओळख!" म्हणत कांबळेने बशीतला चहा संपवला.

त्याच आठवड्यात आम्ही त्याला खांदा दिला.

*

कांबळे गेल्यावर एका दुपारी मी यादी उघडली. त्याच्या नावापुढे खूण करायची होती. पंखा बंद, लाईट गेलेली.

यादीत निळा झेंडा होता. कांबळे.

तो हलत होता. एकेका नावापाशी थांबे आणि खाली सरके. पाळीवर हजेरी घेताना कांबळेचं बोट असंच सरकायचं.

मी मेहबूबला कांबळेच्या घरी पाठवलं. वहिनींनी पेटीतून फोन काढून दाखवला. बंद. बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलेलं. मेहबूब तिथून मला फोनवर म्हणाला, "झंडा दिसतंय का अजून?"

"दिसतोय."

"चालतंय का?"

"चालतोय."

मेहबूबने वहिनींच्या ओट्यावर बसूनच अ‍ॅप काढून टाकलं. मला म्हणाला, "तुमी बी काढा. कशाला पाहिजे?"

मी काढलं नाही. व्यंकय्याची खबर मला दुसरं कोण देणार होतं?

*

या वैशाखात तो झेंडा थांबला. व्यंकय्याच्या नावापाशी. दुपार झाली तरी तिथेच. नावाखाली रेघ नव्हती.

मी मोडनिंबला फोन लावला. लेकीने उचलला.

"अप्पा जेवायलेत, काका. काय झालं?"

"काही नाही."

मिळाली ती एस.टी. धरली. उतरलो तेव्हा व्यंकय्या ओसरीवर बाजेवर बसला होता. धाप नव्हती. चेहरा तुकतुकीत.

"कोण मेलं, जॉबरसाब? तोंड असलं का?"

"कुणी नाही. सहज आलो."

"तुमी आन् सहज!"

लेकीने दोन आंबे कापले. त्याने दोन्ही कोयी चोखल्या. हात धुतले, पुसले, मग उशीखालून फोन काढून माझ्यापुढे धरला. तीच यादी. तोच निळा झेंडा.

"म्या बी सकाळी बघितलं," तो म्हणाला. "टाइमकीपर लई कडक. बरं झालं, येळेवर आलासा. ऱ्हावा आता."

मी राहिलो.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत निघालो. जावई, जावयाचा भाऊ, शेजारचा एकजण. चौथा मी. वाटेत तिघांनीही दोनदा म्हटलं, काका, खांदा बदलू. मी बदलू दिला नाही.

फिटलं.