अपिलातलं गाळलेलं वाक्य

भोरच्या कचेरीबाहेर पिंपळाखाली चटई टाकून एक म्हातारे अर्जनवीस बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. टाक दौतीत बुडवण्याआधी प्रत्येक वाक्य ते स्वतःशी पुटपुटून बघत. मनाला पटलं तरच कागदावर उतरवत.

विलायतेत शिकायला जायचं म्हणून मी मागितलेला पासपोर्ट नामंजूर झाला होता. कारण एकच, माझा थोरला भाऊ सत्याग्रहात तुरुंगात गेलेला. अपील लिहून घ्यायला मी त्यांच्यापुढे बसलो आणि म्हणालो, "लिहा, भावाशी माझा काही संबंध नाही."

ते पुटपुटले. पुन्हा पुटपुटले. मग टाक खाली ठेवला.

"लिवतो की. पन शिकून माघारी याल, तवा कुनाच्या घरी उतराल?"

मला संताप आला. तरी ते वाक्य मी गाळायला सांगितलं.

अपीलही फेटाळलं गेलं. मनातल्या मनात त्या अर्जनविसांना शिव्या घालत मी कित्येक दिवस कचेरीचा रस्ता टाळला.

पुढे भाऊ सुटून आला. दार मीच उघडलं.

"तू गेला नाहीस?" त्यानं विचारलं.

"नाही मिळाला पासपोर्ट," मी म्हणालो, आणि त्याच्या डोळ्यांत बघत त्याची वळकटी हातात घेतली.