प्रतीक्षणीय स्थळे

चादर अर्धीच इस्त्री झाली होती. एक बाजू कागदासारखी कडक, दुसरी चुरगळलेली, आणि मध्ये इस्त्री उभी करून ठेवलेली. पाहुण्यांसाठी काढलेल्या अकरा चादरींपैकी ही सातवी. चौकशीबाईंचा हात तिथेच थांबला, कारण समोर खुर्चीत बसलेल्या दादांनी खिशातून लाल पेन काढलं होतं.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले. दादा निवृत्त झाले तरी पेन काही झालं नव्हतं. वाण्याच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारूनच ती यादी वाण्याकडे जाई, आणि वाणी बिचारा सामान बांधण्याआधी आपली चूक काय झाली म्हणून घाबरे.

आज त्यांच्या हातात वाण्याची यादी नव्हती. शुक्रवारी चौकशीबाईंचं लग्न होतं, गुरुवारी साठ पाहुणे येणार होते, आणि त्यांना दोन दिवसांत गावात काय काय पाहता येईल ते नवरानवरीने मिळून एका कागदावर लिहून काढलं होतं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. बसस्थानकावर, गल्लीत आणि हळूहळू घरातही त्या चौकशीबाईच झाल्या. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, भावाने वरच्या मजल्यावरची खोली दिली, आणि महिन्याभरात त्या बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत जाऊन बसल्या. त्याला आता तेवीस वर्षं झाली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली हमखास उशिरा, कुठल्या चालकाला चहा घेतल्याशिवाय गाडी सुरू करता येत नाही, सगळं तोंडपाठ. सकाळी हात जोडताना देवाकडे मागणं एकच असे: आज कुणाची गाडी चुकू देऊ नकोस. सहा वर्षांपूर्वी त्या मागण्याला शेपूट जोडलं गेलं: आणि माझीही.

त्याचं कारण खिडकीच्या डाव्या हाताला बसायचं. हातभर काचेची पेटी, डोळ्याला भिंग, पुढ्यात उघडी पडलेली घड्याळं. वय त्रेपन्न, लग्न केलेलं नाही, आईची सेवा करता करता राहून गेलं. स्थानकाचं मोठं घड्याळ बंद पडलं त्या दिवशी चौकशीबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून वेळ विचारली, आणि तेव्हापासून सगळं स्थानक घड्याळवाल्यांच्या मनगटावर चालू लागलं. रोज पेटी आवरून ते खिडकीशी येत.

"चौकशीबाई, सहाची गाडी कितीला?"

"सहाला."

"आणि आता किती वाजले?"

"घड्याळवाले तुम्ही, आणि विचारता मला?"

एवढंच. खिडकीशी सहा वर्षं एवढंच, आणि मागे बसलेली प्रवासी मंडळी रोज तेवढीच हसत.

दादांना हे लग्न नको होतं असं म्हणता येणार नाही. त्यांना ते दिसायला नको होतं. "नोंदणी करा, दोन साक्षीदार घ्या, घरी या. या वयात बोभाटा कशाला?" यावर चौकशीबाईंनी साठ जणांना पत्रं टाकली.

"हे काय आहे?" दादांनी कागदाच्या डोक्यावर लाल गोल काढला.

"काय?"

"वाच. मोठ्याने वाच."

"आमच्या शहरातील प्रतिक्षणीय स्थळे," चौकशीबाईंनी वाचलं. त्यांचा माइकवरचाच आवाज लागला.

दादा असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. "अगं, प्रेक्षणीय! प्रे-क्ष-णी-य! पाहण्यासारखी, ती प्रेक्षणीय. हा कागद साठ जणांच्या हातात गेला असता म्हणजे? शिक्षकाची बहीण ना तू?"

चौकशीबाईंचे कान तापले. चूक कुठून आली ते त्यांना लगेच कळलं. त्यांच्या खिडकीच्या बरोबर समोर 'प्रतिक्षालय' अशी पाटी होती. तेवीस वर्षं डोळे उचलले की तोच शब्द, आणि दिवसातून वीस वेळा तोंडात तोच शब्द: प्रवाशांनी कृपया प्रतीक्षालयात थांबावे. हाताने सवयीने तोच लिहिला. त्या पाटीतली 'ति' ऱ्हस्व आहे म्हणून दादांनी स्थानकप्रमुखांना एकदा पत्रही पाठवलं होतं. पाटी हलली नाही.

"बरं, नजरचुकीने झालं असेल," दादा पुढे वाचू लागले. "पण हे खाली काय लिहिलंयस? 'बसस्थानक, दारापासून तिसरा बाक. वरचा पंखा चालतो. इथे बसून पाहावे.' बाक? पाहुण्यांनी बाक पाहायचा?"

"बसून पाहायचा."

"'सरकारी दवाखाना, डोळ्यांचा विभाग, बाहेरची ओसरी. दुपारी ऊन येत नाही.' हे प्रेक्षणीय?"

"त्यांच्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी आम्ही चार दिवस तिथे बसलो होतो. तेव्हाच पहिल्यांदा ते घड्याळ सोडून दुसरं काही बोलले."

"'कालव्यावरचा पूल. अकरा नंबरची बस नेहमी उशिरा येते, तेवढ्यात सूर्य पाण्याच्या टाकीमागे जातो. बस वेळेवर आली तर सोडून द्यावी.'" दादांनी कागद मांडीवर आपटला. "आणि वस्तुसंग्रहालय? एवढं मोठं वस्तुसंग्रहालय आहे गावात!"

"शेवटी लिहिलंय बघ."

"'वस्तुसंग्रहालय. सोमवारी बंद. आम्ही सोमवारी गेलो होतो. पायऱ्या चांगल्या आहेत.'"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनींना हसू आवरेना. दादांनी तिकडे पाहिलं तशा त्या पदर तोंडाला लावून आत वळल्या, पण फार आत गेल्या नाहीत.

दादांचा आवाज खाली आला, आणि खाली आलेला आवाज जास्त लागतो. "हे बघ. बाग, तलाव, वस्तुसंग्रहालय, बाजारातला मनोरा. चार ओळी मी लिहून देतो, खाली माझं नाव घालतो. हे असं गेलं तर लोक काय समजतील? की तुम्ही दोघं सहा वर्षं गावभर एकमेकांची वाट बघत बसला होता."

उभी इस्त्री तापून टक टक करत होती.

चौकशीबाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"दादा, तू सांग. मी लिहिलाय तसा शब्द आहे की नाही?"

"कुठला?"

"तोच. गोलातला."

"तसा वापरत नाहीत."

"वापरतात का ते मी विचारलं नाही. चौकशीच्या खिडकीत जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं असतं. आहे की नाही?"

दादा अडकले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि व्याकरणात तर मुळीच नव्हतं. "होतो," ते नाइलाजाने म्हणाले. "धातू दोन्हीकडे एकच, ईक्ष्. ईक्ष् म्हणजे पाहणं. प्रेक्षणीय म्हणजे पाहण्यासारखं. आणि प्रतीक्षणीय म्हणजे..." ते थांबले.

"म्हणजे?"

"वाट पाहण्यासारखं."

"मग मी बरोबर लिहिलंय," चौकशीबाई म्हणाल्या. "आम्ही सहा वर्षं गावभर वाट बघत बसलो होतो, लोकांनी तेच समजायचंय. चोरी नाही केली दादा. देवाच्या डोळ्यांदेखत, भर रस्त्यात, बाकावर बसून वाट बघितली. ज्या देवाने एवढं बसवून ठेवलं त्याला लाज वाटली नाही, मला कशाला वाटेल? आणि कागदाखाली आमचीच नावं राहतील. दोघांची."

दादा काही बोलणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घड्याळवाले आले होते, भिंग कपाळावर तसंच चढवलेलं. कागद घेऊन प्रती काढायच्या आणि पेटी उघडी आहे म्हणून लगेच परतायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

"या, बरं झालं आलात," दादा म्हणाले. "तुम्ही तरी हे नीट वाचलं होतं का?"

"दोनदा वाचलं."

"मथळ्यात चूक दिसली नाही?"

घड्याळवाल्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, भिंग खाली ओढून पुन्हा पाहिला. "नाही बुवा. प्रतीक्षणीय स्थळे. बरोबर आहे की." मग चौकशीबाईंकडे बघून म्हणाले, "मला तर फार आवडलं होतं. म्हटलं, ह्यांना बरं सुचलं."

चौकशीबाईंना हसूही आलं आणि डोळेही भरले. चूक करणारी एक आणि चूक न दिसणारा दुसरा. असा जोडीदार शोधून सापडला नसता.

"अहो," वहिनी आता दारातून सरळ पुढे आल्या, "आपलं ठरलं तेव्हा तुम्ही मला शाळेच्या फाटकाशी दोन तास उभं केलं होतंत. कसली तरी निबंधाची वही तपासत बसला होतात. तेही घालायला सांगू का यादीत? आणखी एक स्थळ?"

"तू गप बस."

"छत्तीस वर्षं गप्प बसलेच आहे. हिला तरी बोलू द्या." आणि वहिनींनी इस्त्रीचं बटण पुन्हा चालू केलं, पदर खोचला, चादरीची चुरगळलेली बाजू स्वतःकडे ओढली.

दादांनी घड्याळवाल्यांच्या हातातून कागद परत घेतला. मग लाल पेनचं टोपण काढलं. चौकशीबाईंनी हात पुढे केलाच होता कागद ओढून घ्यायला, पण पेन फक्त गोलाच्या आत गेलं. तिथल्या 'ति'ची ऱ्हस्व वेलांटी खोडून त्यांनी तिला दीर्घ केलं.

"वाटच पाहायची तर निदान दीर्घ पाहा," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "तो गोल पुसायला हवा."

"राहू दे गोल. तपासून घेतलंय ते कळेल लोकांना."

"द्या, मी प्रती काढून आणतो," घड्याळवाले म्हणाले.

"तुम्ही पेटीवर जा. वाटेत कुणी शहाणा भेटला तर तुमच्याकडून सुधारून घेईल." चौकशीबाईंनी कागदाची घडी न करता तो वहीत ठेवला, पायांत चपला सरकवल्या. "वहिनी, अजून चार चादरी आहेत."

"दिसतंय मला. जा तू."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात साठ प्रती काढायच्या होत्या, आणि दुकान एक वाजता बंद होई.