कोयते जमा करण्याचा ठराव

मी ग्रामपंचायतीत कारकून होतो. आमच्या बौद्धवाडीतून त्या टेबलापलीकडे बसलेला पहिलाच, त्यामुळे नियम म्हटला की माझ्या अंगात यायचं. ठराव झाला म्हणजे झाला, मग तो गाढवपणाचा का असेना. आज या स्वभावाचं हसू येतं. तेव्हा अभिमान होता.

सत्तर-बहात्तरच्या सुमाराला, कर्जत आणि खालापूरच्या मधल्या आमच्या गावात, बांधावरून दोन चुलतभावांची जुंपली आणि एकानं दुसऱ्याच्या हातावर कोयता घातला. दोन बोटं गेली. आठवड्याच्या आत सभा बसली. भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, हाताशी पातं नसलं की राग शिव्यांवर भागतो. तेव्हा घरोघरचे कोयते आणि सुऱ्या पंचायतीत जमा करा. दुसऱ्या कुणी विचारलं, मग कुंपण कशानं तोडायचं? विळीवर तर तासभर खल झाला. शेवटी ती सुटली, कारण भांडताना कुणी आधी पाट मांडून त्यावर बसणार नाही, हे सगळ्यांना पटलं. ज्यानं कोयता घातला होता तोही पुढच्या रांगेत बसून ठरावाला हात वर करत होता.

मी ठरावाच्या बाजूचा होतो. तो बोटं तुटलेला हात फडक्यात धरून बैलगाडीतून दवाखान्यापर्यंत मीच गेलो होतो. तसं पुन्हा बघायची माझी छाती नव्हती.

ऑफिसात एक लोखंडी पेटी होती, तिच्यात मी हत्यारं भरली. गावानं आज्ञा पाळली, पण आपल्या पद्धतीनं. प्रत्येकानं घरातला गंजलेला, बोथट कोयता आणून दिला आणि धारेचा माळ्यावर ठेवला. माझ्या बायकोनंही मूठ निखळलेली सुरी दिली. चांगली पिठाच्या डब्यात होती, हे मला फार उशिरा कळलं.

पंचाईत झाली ती डोंगरावरच्या ठाकरवाडीची. त्यांच्याकडे घरटी एकच कोयता, कमरेच्या आकडीला अडकवलेला, आणि त्याच्यावरच पोट. म्हणून त्यांना सवलत दिली: सकाळी न्यायचा, संध्याकाळी आणून द्यायचा. आठ दिवसांत पुरुष यायचे बंद झाले. मी आरडाओरडा केला, कुणी भीक घातली नाही. एक बाई मात्र चुकली नाही. मोळी विकून झाली की यायची, कोयता टेबलावर ठेवायची, मी पेटीला कुलूप लावेपर्यंत उभी राहायची आणि मगच वाट धरायची. मी चारचौघांत तिचं कौतुक करायचो. अक्षर ओळखत नाही, पण कायदा हिच्याकडून शिका, असं म्हणायचो.

बायको तिच्याकडूनच लाकडं घ्यायची. एकदा मला वाढता वाढता बायको म्हणाली, की ती बाई तुमचा कायदा पाळत नाही, जीव वाचवते. नवरा पिऊन आला की कोयता हातात घेतो. त्याचा हात पोचत नाही अशी एकच जागा तिला सापडली, ती म्हणजे तुमची पेटी.

तरीही नवऱ्याला बोलावून चार शब्द सुनवावेत, हे काही सुचलं नाही. घरातली गोष्ट, तिच्यात आपण नाक कशाला खुपसा, असं आम्ही सगळेच मानत होतो. मी एवढंच केलं, की सगळे गेले तरी ती येईपर्यंत ऑफिस उघडं ठेवू लागलो. आणि त्यातच स्वतःवर खूश होतो.

एके सकाळी ती आली ती कपाळाला लुगड्याची चिंधी बांधून. चिंधीवर रक्त वाळलेलं होतं. दोन्ही हातांत वरवंटा होता. तिनं तो माझ्या कागदांवर ठेवला.

"भाऊसाहेब, ह्यो बी पेटीत ठेवा."

सवयीचा गुलाम मी. तोंडातून गेलंच, "बाई, ठरावात दगड नाही."

ते वाक्य मला अजून टोचतं. ती चिडली नाही. नेहमी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "मंग काय काय आणू? उद्या मुसळ आणते, परवा चुलीतलं लाकूड. तुमी समद्या वस्तूंना जागा केली. त्याला कुटं ठेवायचा, त्ये कुनी बोललं नाय."

मी उठलो, ऑफिसला कुलूप लावलं आणि तिला घेऊन खालापूरच्या पोलीस ठाण्याकडे निघालो. वाटेत मी तिला धीर देत होतो, तक्रार कशी लिहायची ते समजावत होतो. आयुष्यात पहिल्यांदा ठरावाबाहेरचं काहीतरी करत होतो, त्यामुळे बोलतच सुटलो होतो. ठाण्यात बाकावर बसलो, हवालदारानं थांबायला सांगितलं, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "माझा कोयता आनला ना? हितनं परस्पर रानात जाईन. आज मोळी नाय झाली तर पोरं उपाशी ऱ्हातील."

कोयता पेटीत होता. पेटीची किल्ली माझ्या खिशात होती.