दर सोमवारी नवा माल

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला चिडवलंत, ‘आजी म्हणे दुकानदार झाली!’ तुमच्या आईने गोष्ट अर्धवट सांगितलेली दिसते. मला अर्धवट गोष्टी चालत नाहीत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी आजोबांची चित्रं. पूर्वी गिरणीतून आलेल्या कापडाच्या ताग्यावर एक रंगीत कागदी चित्र चिकटवलेलं असायचं. मोर, आगगाडी, झोपाळ्यावर बसलेली बाई, घड्याळ दाखवणारा साहेब, आणि खाली सोनेरी अक्षरांत गिरणीचं नाव. ज्याला वाचता येत नसे तोही दुकानात जाऊन ‘मोराचं धोतर द्या’ म्हणू शके. आजोबा अकोल्याला कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या कचेरीत होते. दुपारच्या सुट्टीत डबा भराभर संपवून ते कापडबाजारात चक्कर मारत. तागा संपत आला की चित्र असलेला शेवटचा तुकडा दुकानदाराकडून मागून आणत.

ते चित्र कापडावरून सोडवण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात व्हायचा. भाताला आधण आलं की ते झाकण काढून वाफेवर तुकडा धरायचे. आमच्या भाताला कित्येक वर्षं खळीचा वास होता. चित्र सुटलं की टीपकागदात घालून त्यावर वरवंटा ठेवायचे, आणि मी चटणी वाटायला बसले की वरवंटा शोधत घरभर फिरायची. तुमची आई तेव्हा लहान होती. ती ओरडायची, ‘आई, वरवंटा मोराच्या डोक्यावर आहे!’

निवृत्तीनंतर आम्ही अमरावतीला आलो. इथे त्यांना त्यांच्यासारखेच चार वेडे भेटले. कोणाकडे काडेपेट्यांची चित्रं, कोणाकडे नाणी, कोणाकडे जुनी तिकिटं. दर रविवारी एका शाळेच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल मांडून बसू लागले. त्या टेबलाचा एक नियम होता, आणि तो तुमच्या आजोबांनीच केला होता. टेबलावर फक्त अदलाबदल. विकणाऱ्याने खिडकीपाशी बाकावर बसायचं. तिथे भाव करा, घासाघीस करा, कोणाची ना नाही. पण टेबलावर पैशाचा शब्द काढायचा नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका व्यापाऱ्याने एका म्हाताऱ्या गृहस्थाची सगळी नाणी चहा पाजता पाजता मातीमोलाने उचलली होती. ते आजोबांच्या मनाला फार लागलं होतं.

आजोबा गेल्यावर त्या मंडळींनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. ‘वहिनी, खुर्ची रिकामी बरी नाही वाटत,’ एवढंच म्हणाले. खरं सांगते, त्या वर्षी रविवार सकाळ नसती तर मी काय केलं असतं कोण जाणे. त्या खुर्चीवर बसलं की शेजारचे लोक त्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि त्या गोष्टींतले आजोबा मला घरी कधी भेटले नव्हते. घरी गंभीर दिसणारा हा माणूस तिथे म्हणे दुकानदारांच्या नकला करायचा.

मग तुम्ही उन्हाळ्यात आलात. एकाच चित्राच्या पाच-पाच प्रती पाहून धाकटी म्हणाली, ‘आजी, जास्तीची ऑनलाइन विक ना.’ तिनेच मला सगळं शिकवलं. जास्तीची चित्रं गेली. टेबलावर मी ते सांगितलं तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. घर आवरणं म्हणजे दुकान नव्हे, असं सगळ्यांचं मत पडलं.

पण मी तिथे थांबले नाही. अकोटचं एक जुनं कापडदुकान बंद होणार असल्याचं कळलं. माळ्यावर न वापरलेल्या चित्रांचे गठ्ठे होते आणि ते रद्दीत जायचे होते. मी एसटी पकडून गेले. मालकाने गठ्ठा उघडला आणि तोच खळीचा वास आला. मी घासाघीससुद्धा केली नाही, सगळे घेतले. मनाशी म्हटलं, एकेक प्रत ठेवू, बाकीची विकून खर्च भागवू.

घरी आल्यावर माझा स्वभाव जागा झाला. चित्रं विषयवार लावली. पक्षी, देवदेवता, वाहनं, स्त्रिया. प्रत्येकाला क्रमांक दिला. सोमवारी फोटो, बुधवारी पाकिटं पोस्टात. इतर विक्रेत्यांच्या पानांवर जसं लिहिलेलं असतं तसं माझ्याही पानावर शुद्ध इंग्रजीत एक ओळ लिहिली. मराठीत तिचा अर्थ, ‘दर सोमवारी नवा माल.’ चेन्नईहून एका बाईंनी कळवलं की झोपाळ्याचं चित्र त्यांच्या वडिलांच्या दुकानात होतं. कोणी पुन्हा मागायचं. माल संपत आला तेव्हा मी अकोल्याच्या आणखी एका दुकानातून गठ्ठा आणला. या वेळी एकेक प्रतही बाजूला ठेवली नाही, हे मला तेव्हा जाणवलंच नाही.

माझ्या पेन्शनचं आयकर विवरणपत्र अकोल्याची एक सीए भरते. ती माझी शाळेतली विद्यार्थिनी, अजून मला बाईच म्हणते. तिच्या कचेरीत गेले तेव्हा मी तिला सहज सांगितलं की चित्रांचे थोडे पैसे आले आहेत, छंदाचे आहेत, लिहायची गरज नसावी.

‘बाई, पान दाखवा बघू तुमचं,’ ती म्हणाली.

तिने मोबाइलवर पान उघडलं आणि हसायलाच लागली. ‘दर सोमवारी नवा माल! बाई, आमच्या वह्यांना तपकिरी कव्हरं घालायला लावायचात. तोच नीटनेटकेपणा नडला बघा तुम्हाला.’

‘अगं, पण छंद आहे तो.’ कुठली चित्रं कुठून आली ते मी तिला सांगितलं.

‘तुमच्या मिस्टरांची जास्तीची चित्रं विकली ती वेगळी. घरातलं घरातून गेलं, त्याचा हिशेब मी वेगळा बघते. हे अकोटचं आणि इथलं कशासाठी घेतलं?’

‘वाचावं म्हणून.’

‘आणि?’

मी म्हणाले, ‘आणि विकावं म्हणून.’

‘झालं तर मग! बाई, एकदाच विकलं तरी धंदा ठरू शकतो, आणि शंभरदा विकूनही कधीकधी ठरत नाही. घेताना मनात काय होतं ते बघतात. आता मन कोणाला दिसतं? म्हणून वागणं बघतात. तुम्ही विकायला घेता, नेमाने विकता, क्रमांक घालून माल मांडता, संपला की पुन्हा आणता. याला मी छंद कसा लिहू? धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवायचं. खर्च वजा होईल, घाबरू नका. ऑनलाइन विकता म्हणजे जीएसटीची नोंदणी लागते का तेही बघते.’

‘पण मला तर त्याचा आनंद होतो गं.’

‘धंदा करणाऱ्याला आनंद होऊ नये असं कुठल्याच कायद्यात नाही, बाई.’

कराची मला भीती नव्हती. परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती खुर्ची होती. मी व्यापारी असेन, तर टेबलावर बसू शकत नव्हते. मंडळींपैकी कोणी इंटरनेटवर चित्रं बघणारं नव्हतं. मी बोलले नसते तर कोणाला कळलंही नसतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी स्वतःची बरीच समजूत घातली. सरकारसाठी धंदा, आपल्यासाठी छंद, दोन्ही खरं असू शकतं वगैरे. बडनेऱ्याला उतरताना मात्र आठवलं की हा नियम केला तेव्हा आजोबांनी त्यात अशी एकही फट ठेवली नव्हती.

रविवारी चहाच्या आधीच मी सगळं सांगितलं. आमच्यातले निवृत्त पोस्टमास्तर नियमाला पक्के. ते आपला चष्मा पुसत राहिले. संत्र्याची बाग असलेले एक गृहस्थ आहेत, आजोबांचे इथले सगळ्यात जुने मित्र. ते उसळले.

‘वहिनी, तुमी कावून सांगून राहिले हे? कोनं इचारलं होतं तुमाले?’

‘कोणी नाही विचारलं, म्हणूनच,’ मी म्हणाले.

‘भाऊनं नियम केला तो चोराईसाठी. तुमी काय चोर हा का?’

पोस्टमास्तर हळूच म्हणाले, ‘नियमात चोर असं लिहिलेलं नाही. विकणारा असं आहे.’

‘तुमी चूप बसा हो! जिंदगीभर ठप्पेच मारत राहिले.’

त्यांचं भांडण वाढायच्या आत मी उठले. आजोबांच्या चित्रांचा अल्बम टेबलावर त्यांच्या जागेसमोर ठेवला. त्यातलं एकही चित्र विकायचं नाही, त्यामुळे त्याला तिथे बसायचा हक्क आहे. अकोटचा उरलेला गठ्ठा घेऊन मी खिडकीपाशी बाकावर जाऊन बसले. तिथून टेबल वेगळंच दिसतं. सगळ्यांच्या पाठी दिसतात, चेहरे नाहीत. मला एकदम परकं वाटलं आणि पिशवीतून रुमाल काढायला लागला.

चहा झाला. संत्रेवाले गृहस्थ उठले, माझ्यापाशी आले आणि बाकावर टेकले. गठ्ठ्यातून त्यांनी बैलजोडीचं चित्र काढलं. बराच वेळ बघत राहिले.

‘आमच्या बुढ्याच्या धोतराले हेच राहे,’ ते म्हणाले. ‘भाऊले किती डाव मागतलं. पन माह्यापाशी बदल्यात द्याले तसं काही नोयतं. केवढ्याले?’

‘तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे? घेऊन जा.’

‘असं कसं? आता तुमी दुकानदार. फुकट देसान तं धंदा कसा चालन? भाव सांगा.’

मी भाव सांगितला.

‘अरे बाप! भाऊ असता तं भोवळ येऊन पडला असता. निम्मे घ्या.’

‘निम्मे शक्य नाही. अकोटचं भाडं पडतं.’

‘वहिनी, गिऱ्हाइकाले असं तोडून बोलत नसतात.’

टेबलावरचे सगळे मागे वळून ऐकत होते, आता चेहरे दिसत होते. शेवटी माझ्या भावाच्या थोडं खाली आम्ही जमलो. मी पावती फाडली. त्यांनी ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली, चित्र मात्र हातातच धरून जागेवर गेले.

तेव्हापासून मी दर रविवारी खिडकीपाशीच असते. विवरणपत्रात धंद्याचा रकाना भरला गेला आहे. पानावरची ती ओळ मी काढली नाही, कारण ती खरी आहे.

आजोबांची खुर्ची अजून कोणी घेतलेली नाही. पोस्टमास्तर तिच्यावर छत्रीसुद्धा ठेवू देत नाहीत. तुम्ही दिवाळीत याल तेव्हा पाळीपाळीने बसा. धाकटीने फोटो टाकले होते खरे, पण विक्री माझ्या नावावर आहे. तुम्ही दोघांनी अजून काहीच विकलेलं नाही.