ईतभर उंच टेबल

कामाला बसायच्या आधी ती टेबलाला वीत लावायची. जमिनीपासून सुरुवात करून वीत वीत मोजत ती कडेपर्यंत पोचायची, मग उभ्याउभ्या कोपर दुमडून स्वतःची उंची ताडायची आणि मान हलवायची. "ईतभर उंच हाय, आप्पा." एवढं मला सांगून झालं की बसायची आणि कामाला लागायची. हे रोज चालायचं. रातोरात टेबल बुटकं होणार नव्हतं, तरी मोजणं तिनं कधी सोडलं नाही.

पहिल्यांदा आम्ही हसायचो. शेतकी विभागातली सगळी माणसं हसायची. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल; ज्याचं म्हणणं बरोबर असतं आणि म्हणूनच ज्याची टिंगल होते. आमची ही ऑपरेटर बाई तशी होती. तिला सगळे 'ताई' म्हणायचे, मोठे साहेब, म्हणजे कार्यकारी संचालक, तेवढे 'ए बाई' म्हणायचे.

आमचा सहकारी साखर कारखाना तेव्हा नावालाच कारखाना होता. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता, ऊस नव्हता, ऊस टाकायच्या गव्हाणीत कबुतरं बसलेली. मग कारखान्यानं जनावरांची चारा छावणी उघडली. उसाच्या गाड्या जिथे उभ्या राहायच्या त्या मैदानात बैल, गाई, म्हशी दावणीला बांधल्या. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, आणि त्या बिल्ल्याचा नंबर रोज संगणकात भरायचा. भरला नाही तर त्या जनावराचा चारा निघत नाही. हे काम तिचं. मी त्या विभागाचा मुख्य लिपिक, म्हणजे तिची खोली माझ्या ताब्यात.

खोली म्हणजे काट्याची केबिन. उसाच्या गाडीचं वजन करणारा माणूस जिथे उभा राहतो ती. खिडकीतून ट्रकच्या ड्रायव्हरशी बोलता यावं म्हणून तिथे एक सिमेंटचा उंच कट्टा बांधलेला होता. संगणक त्याच्यावरच ठेवला. बसायला एक लोखंडी स्टूल. स्टुलावर बसलं की पाय अधांतरी आणि हात खांद्याच्या बरोबरीला येत. मग तिनं छावणीच्या कडेला पडलेल्या दोन विटा आणल्या आणि पायाखाली घेतल्या. कट्ट्याला टेबल म्हणायची पद्धतही तिचीच. "टेबल म्हनलं की कायदा लागतो, आप्पा. कट्टा म्हनलं की कोन इचारतंय?"

ती शिरूर कासारकडची. आईबाप दर सालाला ऊसतोडीला जायचे, आणि ती दहावीपर्यंत त्यांच्याबरोबर जात होती. तिकडे त्याला पट्टा पडणं म्हणतात. दिवाळीला गाव सोडायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. तिचे सहा पट्टे पडले होते. सहाव्या पट्ट्यावरून आल्यावर ती बीडला जाऊन टायपिंग शिकली, तिनं परीक्षा दिली, आणि ती आमच्याकडे लागली. "आता मी पुन्ना पट्ट्याला जानार न्हाई," हे ती अशा सुरात म्हणायची की समोरच्यानं वाद घालू नये.

एकदा मी तिला विचारलं, "ताई, सारखं काय मोजता? सगळं जग असंच बसतं."

वीत तशीच ठेवून ती म्हणाली, "आप्पा, तुमी कोयता धरलाय का कदी?"

"नाही."

"माझा बाप परतेकाच्या हाताच्या मापाची मूठ करून घ्यायचा. आईची येगळी, माझी येगळी. माझी मूठ आईच्या हातात दिली तर दोन दिवसात हात सुजायचा. कोयत्याला माप लागतंय, मग टेबलाला कावून न्हाई?"

  ऊस तोडणाऱ्या अडाणी माणसाला कळत होतं ते आमच्या शिकलेल्या साहेबांना कळत नव्हतं; की कळत होतं आणि नको होतं, ते देव जाणे. मला दुसरं खरं वाटतं.

तिनं मग कायदा काढला. नेटवरून छापून घेतलेली चार पानं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलाच्या कडेला ठेवायची. कारखान्यांच्या कायद्यात कामगाराला बसायची योग्य सोय द्यावी असं लिहिलेलं आहे. संगणकाचा उल्लेख त्यात नाही, तो कायदा झाला तेव्हा आमच्या जिल्ह्यात संगणक कुठे होते? पण त्याच पानांत एक माहितीपत्रक होतं: पडदा डोळ्यांच्या रेषेत, कोपर टेबलाच्या बरोबरीला, पाय जमिनीला टेकलेले, मधूनमधून उठून हात मोकळे करायला सुट्टी. तिनं त्यावरून अर्ज लिहिला. मराठी सुरेख होती तिची.

अर्ज घेऊन ती कार्यकारी संचालकांकडे गेली. मी बरोबर होतो, दाराशी. साहेबांनी अर्ज वाचला, तोंडातला गुटखा कोपऱ्यातल्या कुंडीत थुंकला आणि म्हणाले, "योग्य सोय लिहिलंय. किती इंच ते लिहिलंय का?"

"न्हाई, सायेब."

"मग स्टूल योग्यच आहे."

चेअरमनसाहेब तिथेच सोफ्यावर बसले होते. त्यांचा आवाज फार प्रेमळ. "पोरी, बाहेर जनावरं तडफडायलीत, अन तुला खुर्चीचं पडलंय? दुस्काळ हाय बाई, दुस्काळ."

मला शिसारी आली ती तिथे. दुष्काळ त्यांच्या कामी येत होता. शौचालयाला पाणी का नाही? दुष्काळ. रजा का नाही? दुष्काळ. आणि त्याच सोफ्याच्या मागे गार पाण्याचं यंत्र घरघरत होतं. मी दाराशी उभा राहून मान खाली घातली आणि मनातल्या मनात शिव्या दिल्या. मनातल्या मनात शिव्या देण्यात मी पटाईत होतो.

ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "चेअरमनसायेब जनावरांपशी येत न्हाईत कदी. वास येतो म्हनत्यात."

पण ती हरणारी नव्हती. अर्जाची नक्कल तिनं टपालानं कामगार खात्याकडे पाठवली. तिकडून पत्र आलं आणि मग काय धावपळ! संगणक कक्षासाठी म्हणून सहा खुर्च्या आल्या. फिरत्या, चाकांच्या, कळ दाबली की वर-खाली होणाऱ्या, पाठीला टेका असलेल्या. मी स्वतः त्या नोंदवहीत 'संगणक कक्ष' म्हणून चढवल्या. आणि त्याच दुपारी सहाच्या सहा संचालक मंडळाच्या बैठकीच्या दालनात गेल्या. खुर्ची म्हणजे आमच्याकडे मान असतो. चांगली खुर्ची आली की ती कोणाच्या पाठीसाठी आली हे कोणी विचारत नाही, कोणाच्या पदाची आहे हे विचारतात. संचालकांनी वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. महिन्यातून एकदा येऊन ते त्या प्लास्टिकवर घाम गाळत बसायचे आणि उठताना धोतराला प्लास्टिक चिकटून चर्रकन आवाज व्हायचा. तिला तो आवाज केबिनपर्यंत ऐकू यायचा म्हणे. "उटले बघा," म्हणायची आणि हसायची.

तिचं हसणं हळूहळू कमी झालं. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या. चहाचा कप एकदा हातातून पडला, मग पुन्हा पडला. बीडच्या डॉक्टरनं मनगटातली नस दबली म्हणून सांगितलं. बसायची जागा बदला नाहीतर काम बदला. तिनं चिठ्ठी मला दाखवली. "जागा बदलू दे आप्पा, काम न्हाई बदलायचं मला. ह्याच हातावर तर मी सुटले."

तिच्या त्या हातावर काय काय उभं होतं ते मला त्या दिवशी नीट कळलं. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला कळलं नसेल असं समजून सूट देणार नाही.

तपासणी अधिकारी येणार असल्याचं आदल्या दिवशी समजलं. सकाळी दालनातली एक खुर्ची शिपायांनी अंगणातून ढकलत आणली, वरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. अतिथीगृहातलं जेवणाचं टेबल आणून संगणक त्यावर ठेवला. दोन विटा केबिनच्या मागे फेकून दिल्या. साहेब तिला म्हणाले, "विचारलं तर वर्षभर हीच खुर्ची आहे म्हणायचं. काय?"

ती खुर्चीवर बसली, कळ दाबून खाली आली, हात टेबलावर ठेवले. आणि एकदम माझ्याकडे वळली. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "आप्पा! माजे पाय जमिनीला टेकले!" टाचा आपटून दाखवल्या तिनं.

अधिकारी एसटीनं आला. सडपातळ, थकलेला माणूस, खांद्याला कापडी पिशवी. चहाला नको म्हणाला, थेट केबिनमध्ये आला. खुर्ची बघितली, टेबल बघितलं. तिला विचारलं, "ही खुर्ची कधीपासून आहे?"

"सकाळपासनं," ती म्हणाली.

साहेबांच्या तोंडातला गुटखा तिथल्या तिथे थांबला. ती उठली, मागे गेली आणि दोन्ही विटा घेऊन आली. डाव्या हातात एक, उजव्या कोपराच्या बेचक्यात धरलेली दुसरी. त्या तिनं अधिकाऱ्यासमोर ठेवल्या. विटा वरून गुळगुळीत झाल्या होत्या, जिथे टाच टेकत होती तिथे खोलगट.

"ह्या माज्या हायत, सायेब. सालभर पाय ठिवून बसतीया. खुर्ची तिकडं दालनात असतीया."

अधिकाऱ्यानं विटा पाहिल्या आणि तो माझ्याकडे वळला. "तुम्ही इथले मुख्य लिपिक. रोज इथे असता. खरं काय आहे?"

माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती. माझ्या मुलाला कारखान्यात चिकटवायचं बोलणं चेअरमनसाहेबांशी झालेलं होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. ती बघत नव्हती. तिला माझं उत्तर माहीत आहे असंच तिनं धरलं होतं. रोज वीत लावून ती मलाच तर सांगत आली होती.

मी म्हणालो, "बांधकामाच्या विटा आहेत, साहेब. मागे थोडं काम निघालं होतं."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. अधिकाऱ्यानं कागद पुढे केला. त्यावर 'बसण्याची योग्य सोय उपलब्ध आहे' असं होतं आणि खाली सही माझी. माझी सही चांगली येते, अक्षराचं नेहमी कौतुक व्हायचं.

एसटी फाट्यावरून सुटायच्या आत खुर्ची दालनात परत गेली. मी केबिनमध्ये गेलो तेव्हा ती विटा पुन्हा कट्ट्याखाली मांडत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आप्पा. तुमाला बी लेकरं हायत." मला तेव्हा स्वतःची जी किळस आली ती कुठे थुंकता येण्यासारखी नव्हती.

त्यानंतर महिनाभर ती टिकली. बोटं ऐकत नव्हती, बिल्ल्यांचे नंबर चुकू लागले. एक दिवस उमापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या बैलाचा चारा निघाला नाही आणि तो केबिनसमोर येऊन ओरडला. तिनं त्याला स्वतःच्या डब्यातल्या भाकरी बैलासाठी दिल्या आणि माफी मागितली. साहेबांना निमित्त मिळालं. "हात चालत नाही तर आम्ही काय करणार?" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले.

जायच्या दिवशी तिनं पानांची पिशवी काखोटीला मारली आणि कट्ट्याला वीत लावायला गेली. उजवा हात ताणला जाईना. मग तिनं डाव्या हातानं मोजलं. "अजून बी ईतभर उंचच हाय," म्हणाली आणि फाट्याकडे चालू लागली.

माझ्या मुलाला नोकरी लागली नाही. कारखानाच बंद पडला. त्याच्या आधी माझा निरोप समारंभ त्या दालनात झाला. शाल दिली, नारळ दिला, आणि आठवण म्हणून त्या सहातली एक खुर्ची दिली. चेअरमनसाहेब प्रेमळ आवाजात बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

ती खुर्ची मी टेम्पोत घालून शिरूर कासारला नेली. तिचं घर सापडलं. दाराला कुलूप होतं, गल्लीतल्या बहुतेक दारांना होतं. शेजारच्या ओसरीत एक म्हातारी बसली होती.

"टोळीसंगं गेलीया," म्हातारी म्हणाली. "पट्ट्याला. कोयता धरवत न्हाई तिला, मोळ्या बांधती डाव्या हातानं. तिची आई तोडती."

मी खुर्ची दाराशी ठेवू का विचारलं.

म्हातारीनं खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ठिवून काय करता बाबा? बसायला हाय कोन हितं?"

मी खुर्ची परत आणली. माझ्या ओसरीवर आहे. हे लिहिलं ते तिच्यावरच बसून. कळ दाबून उंची बरोबर करून घेतली आहे, आणि माझे पाय जमिनीला अगदी नीट टेकतात.